गंजलेल्या जीपगाडीचे मोल

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत कलकत्ता हे आसाम व ब्रह्मदेश यांच्या आघाडीचे मोठे पुरवठाकेंद्र होते. बंदरात उतरलेले युद्धसाहित्य येथून ईशान्येकडे जाई, आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या रेड रोडचा उपयोग विमाने उतरविण्यासाठीही करण्यात आला होता. याच काळात एक लहानशी, उघडी, ओबडधोबड गाडी भारतीयांच्या परिचयाची झाली. ती म्हणजे जीप. अमेरिकेतील विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्यांपैकी कित्येक विक्रीस निघून नागरिकांच्या हाती आल्या. पुढे मुंबईच्या माझगाव भागात महिंद्र कंपनीने जीपची जोडणी सुरू केली. १९४८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली लँड रोव्हर दार्जिलिंगच्या डोंगरांत पोहोचली. आणि १९८५ साली मारुती जिप्सी बाजारात आली.

या सर्व गाड्यांचे वैशिष्ट्य एकच आहे. साध्या मोटारीत एंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. या गाड्यांत ती गरजेप्रमाणे चारही चाकांना पुरविता येते. मागची चाके चिखलात नुसती फिरू लागली, तरी पुढची चाके गाडीला ओढून बाहेर काढतात. त्यामुळे जेथे रस्ता संपतो तेथे या गाड्यांचे खरे काम सुरू होते. परंतु चिखल, ओढे व ओले गवत यांतून जाणाऱ्या गाडीच्या वाट्यास गंजही इतरांपेक्षा अधिक येतो.

अशी जुनी गाडी विकत घेणारा मनुष्य बहुधा श्रीमंत नसतो. डोंगरात उतारू नेणारा चालक, लहान कंत्राटदार, मळ्यावर माल वाहणारा शेतकरी असे लोक अनेक वर्षांची शिल्लक तिच्यात घालतात. तिच्यावर त्यांचा चरितार्थ चालावयाचा असतो, आणि तिच्यात बसणाऱ्यांचे प्राणही तिच्या लोखंडावर अवलंबून असतात. तांबूस डाग पाहून चांगली गाडी नाकारणारा आणि चकचकीत रंग पाहून कुजलेली गाडी घेणारा, दोघेही गंजाचे शास्त्र न जाणल्यामुळे फसतात. गाडीवर गंज किती दिसतो, हा खरा प्रश्न नव्हे. भार वाहणाऱ्या ठिकाणी धातू किती उरला आहे, हा खरा प्रश्न होय. गाडीचे मोल या उरलेल्या धातूवरून ठरवावयाचे असते.

गंज म्हणजे काय?

लोखंडाचा हवेतील प्राणवायूशी व पाण्याशी संयोग होऊन जो तांबूस, भुसभुशीत पदार्थ बनतो, त्यास आपण गंज म्हणतो. शाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. तीन परीक्षानळ्यांत स्वच्छ खिळे ठेवावे. पहिल्या नळीत थोडे साधे पाणी घालावे. दुसऱ्या नळीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी घालून वर तेलाचा थर द्यावा. तिसऱ्या नळीत ओलावा शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवून तोंड बंद करावे. काही दिवसांनी पहिल्याच नळीतील खिळा गंजलेला आढळेल. पाणी आणि हवा या दोहोंची जोडी जमल्यावाचून गंज चढत नाही, हे यावरून सिद्ध होते.

ही क्रिया विद्युत्‌स्वरूपाची आहे. ओल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात. घटाच्या एका टोकाशी लोखंड विरघळते. दुसऱ्या टोकाशी प्राणवायू वापरला जातो. पाण्यात मीठ असेल, तर वीज अधिक सहज वाहते आणि गंजण्याचा वेग वाढतो. यातील एक गोष्ट मात्र प्रथमदर्शनी उलटी वाटते. लोखंडावर पाण्याचा एक थेंब ठेवला, तर थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर पोहोचतो, मध्यभागी कमी. तरीही लोखंड खाल्ले जाते ते मध्यभागी. जेथे प्राणवायू कमी, तेथेच धातूची झीज अधिक होते.

गाडीची परीक्षा करणाऱ्यास हा नियम फार मोलाचा आहे. उघड्या, वाऱ्याने लवकर वाळणाऱ्या पत्र्यावरील गंज डोळ्यांत भरतो, पण तो बहुधा वरवरचा असतो. चिखलाच्या ढेपेखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, पायाखालच्या रबरी चटईखाली जेथे ओल टिकते व हवा कमी पोहोचते, तेथे धातू खोलवर खाल्ला जातो. म्हणजे जो गंज लपलेला असतो, तोच अधिक घातक ठरतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. एक मिलीमीटर जाडीची खपली निघाली, म्हणजे तितके लोखंड गेले असे नव्हे. त्याच्या निम्म्याहूनही कमी गेलेले असते. म्हणून जाड तुळईवरील खपली पाहून लगेच घाबरू नये. परंतु हाच फुगवटा दोन जोडलेल्या पत्र्यांच्या मध्ये झाला, तर तो पाचरीसारखे काम करून सांधा उकलतो. सांध्याची कड फुगलेली दिसली, की आत झीज चालू आहे असे समजावे.

कोलकात्याची हवा

कोलकाता समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. तेथील हवेत किनाऱ्यावरील हवेइतके मीठ नाही, पण ओलावा विपुल आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर जमू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. कोलकात्यात वर्षातील पुष्कळ दिवस ही मर्यादा ओलांडलेली असते. त्यातच पावसाळ्यात शहराचे सखल भाग पाण्याखाली जातात व गाड्यांचे तळ गढूळ पाण्यात भिजतात. दिघ्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वापरलेली गाडी याहून अधिक संशयाने पाहावी. तेथे मीठही येऊन मिळते. कोकणपट्टीतील गाडीसही हाच न्याय लागू आहे. उलट, मराठवाड्यासारख्या कोरड्या प्रदेशात राहिलेल्या तितक्याच जुन्या गाडीचा तळ पुष्कळदा अधिक शाबूत असतो. यास्तव गाडी किती वर्षांची आहे याबरोबरच ती वर्षे कोठे गेली, हेही विचारावे.

धातू किती उरला आहे हे मोजण्याचे महत्त्व कोलकात्याच्या एका प्रसिद्ध वास्तूने पटवून दिले आहे. १९४३ साली खुल्या झालेल्या हावडा पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद आहे. त्याच्या खांबांच्या तळाशी असलेल्या पोलादी आवरणांवर येणारे-जाणारे लोक पान खाऊन थुंकत. तपासणीत असे आढळले, की सहा मिलीमीटर जाडीची ही आवरणे काही वर्षांतच तीन मिलीमीटरवर आली होती. तेव्हा त्यांवर फायबर-ग्लासची आच्छादने बसविण्यात आली. नुसत्या डोळ्यांना डाग दिसले असते; अर्धा धातू गेला आहे हे मोजणीनेच कळले.

गाडीचे कोणते भाग महत्त्वाचे?

जीपसारख्या गाडीचे दोन ठळक विभाग असतात. खाली पोलादाचा सांगाडा असतो. कारागीर त्यास चासी म्हणतात. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया यांची ती शिडीसारखी रचना असते. एंजिन, आस, चाके व स्प्रिंगचे पाटे या शिडीलाच जोडलेले असतात. तिच्यावर पत्र्याची बैठक व दरवाजे बसविलेले असतात. दरवाजा कुजला तर दुसरा लावता येतो. मडगार्ड कुजले तर कापून नवे जोडता येते. त्यामुळे गाडीचे रूप बिघडते, जीव जात नाही. परंतु चासी कुजली, तर गाडीचा कणाच गेला.

पातळ झालेला पोलादी भाग किती दुबळा होतो, याचा अंदाज पुष्कळांना नसतो. सपाट पट्टीची जाडी निम्मी झाली, की वाकविणाऱ्या भारापुढे तिचे बळ निम्मे न राहता चौथाईवर येते. त्यातच गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळाशी ताण एकवटतो. दगडधोंड्यांवरील हादऱ्यांनी तेथे बारीक चीर पडते, ती वाढत जाते, आणि एखाद्या दिवशी तो भाग अकस्मात मोडतो.

म्हणून तपासणी पुढील ठिकाणी अगत्याने करावी : पाटे जेथे चासीला टांगलेले असतात ते कान, मागची शेवटची आडवी तुळई, कारण चाकांनी उडविलेला चिखल तिच्यावर बसतो, बैठकीचे बोल्ट जेथे चासीवर टेकतात त्या जागा, एंजिन व बैठक यांमधील पडदीचे पाय, आणि पायांखालचा पत्रा. ब्रेकचे तेल नेणाऱ्या बारीक पोलादी नळ्या विशेष काळजीने पाहाव्या. त्या स्वस्त असतात, सहज बदलता येतात. पण उतारावर त्यांपैकी एक फुटली, तर तिच्या किमतीचा विचार करण्यास अवसर राहत नाही.

तपासणीची साधी साधने

एक लहान हातोडी, एक दाभण, एक चुंबक, तारेचा ब्रश व विजेरी, इतकी सामग्री पुरेशी आहे. गाडी दिवसाउजेडी, कोरडी असताना पाहावी. ती उचलून भक्कम आधारांवर ठेवलेली असावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

हातोडीने चासीवर हलके ठोके देत जावे. शाबूत पोलाद खणखणीत वाजते; कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. जेथे आवाज बदलेल, तेथे दाभण टेकवून दाबावे. दाभण आत घुसले, तर तेथे धातू नाही, गंज व रंग एवढेच आहे. तुळईच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली असतील, तर पाणी आत साचत आले आहे. ठोके देताना त्यांतून गंजाच्या खपल्या गळू लागल्या, तर तुळई आतून खाल्ली जात आहे हे निश्चित. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांची चासी पोलादी पट्ट्या जोडून केलेल्या पोकळ पेटीसारखी असते. बाहेरून गुळगुळीत दिसणारी अशी तुळई आतून पोखरलेली असू शकते.

विकण्यापूर्वी तळाला लावलेला ताजा काळा रंग हे शुभलक्षण मानू नये. मालकाने तो काळजीपोटी लावला असेल किंवा काही झाकण्यासाठी. ठोका व दाभण यांनाच निर्णय विचारावा. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून केलेले ठिगळही संशयास्पद असते. कुजका भाग कापून न टाकता वरून झाकला, तर दोन पत्र्यांच्या मध्ये ओल कोंडते आणि पूर्वीपेक्षा अधिक वेगाने झीज होते.

पत्र्यातील भोके पुट्टीने भरून वर रंग दिलेला असेल, तर चुंबक तेथे चिकटत नाही. परंतु लँड रोव्हरवर ही परीक्षा फसवी ठरते. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई असल्यामुळे तिच्या बाह्यांगाचा बहुतेक पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करण्यात आला, आणि अॅल्युमिनियमला चुंबक मुळातच चिकटत नाही. अशा गाडीत अॅल्युमिनियम व पोलाद यांच्या सांध्याकडे पाहावे. दोन भिन्न धातू एकमेकांस भिडले व मध्ये ओल आली, की त्यांचा विद्युत्‌घट बनतो आणि अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. तांबूस रंग शोधणाऱ्याच्या ती ध्यानातही येत नाही.

अधिक अचूक मोजणी हवी असेल, तर श्राव्यातीत ध्वनीने जाडी मोजणारे उपकरण वापरतात. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. दोन मिलीमीटर जाडीच्या पत्र्याच्या पलीकडील पृष्ठावरून प्रतिध्वनी परत येण्यास सेकंदाच्या दहालक्षांश भागाचा सुमारे दोनतृतीयांश इतकाच काळ लागतो. हा काळ मोजून उपकरण जाडी सांगते. मोजण्यापूर्वी त्या जागेचा रंग व खपल्या खरडून काढाव्या.

चारही चाकांची यंत्रणा

केवळ सांगाडा पाहून भागत नाही. पुढील आसाकडे शक्ती नेणारी यंत्रणा पुष्कळ मालक वर्षानुवर्षे वापरीत नाहीत, आणि न वापरलेले यंत्रही गंजते. गाडी मातीच्या सैल जमिनीवर नेऊन चारही चाकांची जोडणी करून पाहावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा प्रयोग करू नये. वळताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. सैल मातीत चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात, डांबरावर मात्र सर्व पीळ दातेरी चाकांवर येतो.

आस व गिअरपेटी यांतील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पाण्याने भरलेल्या रस्त्यांतून गेलेल्या गाड्यांत हा दोष आढळतो. तो वेळीच लक्षात न आल्यास बेअरिंगे व दातेरी चाके गंजून खराब होतात. जुन्या लँड रोव्हरच्या पुढील चाकांमागे गुळगुळीत मुलामा दिलेले गोळे असतात. त्यांवर गंजाचे खड्डे पडले असतील, तर तेथील ऑइल सील फाटून तेल गळत राहते. सील बदलून उपयोग होत नाही, गोळाच बदलावा लागतो.

किमतीचा हिशेब

पुढील आकडे कल्पित आहेत. केवळ रीत समजावी म्हणून ते घेतले आहेत. समजा, त्याच जातीची निकोप गाडी ४,००,००० रुपयांस मिळते. पाहिलेल्या गाडीस पत्र्याच्या कामास ३५,०००, ब्रेकच्या नळ्या व इतर भागांस १५,०००, चासीची एक आडवी तुळई व पाट्यांचे कान नवे करण्यास ६०,००० आणि पुढील आसास २५,००० रुपये लागतील. एकूण खर्च १,३५,००० झाला. गंज हा हिमनगासारखा असतो. काम उघडल्यावर तो दिसला त्याहून अधिकच निघतो. म्हणून या रकमेच्या चौथाईइतकी, म्हणजे ३३,७५० रुपयांची, तजवीज आणखी धरावी. निकोप गाडीच्या किमतीतून १,६८,७५० वजा केले, तर २,३१,२५० रुपये उरतात. याहून अधिक देणे म्हणजे गंजाची किंमत देणे होय.

चासीच्या दोन्ही लांब तुळया कुजल्या असतील, तर मात्र हा हिशेब करू नये. अशी गाडी सुट्या भागांच्या भावाने घ्यावी किंवा घेऊ नये. कोलकात्यातील मल्लिक बाजार जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. गाडी मोडीत गेली, तरी तिची गिअरपेटी, आस व चाके यांचे मोल शिल्लक असते.

कागदपत्रांचा गंज याहून कठीण. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. गंजाने तो वाचता येईनासा झाला असेल, तर गाडी पोलादाने निकोप असली तरी व्यवहाराने रोगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते, व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ साली १५ वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने कोलकाता महानगर क्षेत्रात चालविण्यास मनाई केली. गाडी भाड्याने चालवावयाची असेल, तर ती जेथे चालवावयाची तेथील परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी.

आधी परीक्षा, मग पैसा

न पाहता केलेल्या खरेदीचा फटका शासनासही बसलेला आहे. १९४८ साली काश्मीरमध्ये युद्ध चालू असता लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत सैन्यासाठी जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. रकमेचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. प्रत्यक्षात १५५ गाड्याच भारतात आल्या, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत असे आढळले. संसदेत यावरून पुढे अनेक वर्षे वाद झाला. पैसा आधी आणि परीक्षा नंतर, हा क्रम मोठ्या व्यवहारातही महाग पडतो. लहान माणसाच्या व्यवहारात तर तो सर्वस्व नेतो.

याच्या उलट बाजूचा दाखला पश्चिम बंगालमध्येच आहे. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग येथून संदकफूचा ३,६३६ मीटर उंचीचा माथा सुमारे तीस-बत्तीस किलोमीटरवर आहे. त्या खडकाळ चढावर जुन्या लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक दशके उतारू व शिधा वाहून नेला. अलीकडे रस्ता सुधारला व नव्या गाड्या आल्या, तशी त्यांची संख्या घटली. या गाड्यांवर गंज चढला नाही असे नाही. त्यांचे मालक व कारागीर त्यांच्या पोटाखाली नित्य शिरत, कुजलेला भाग वेळीच काढून नवा बसवीत, अनेक गाड्यांत मूळ एंजिनाच्या जागी दुसरे एंजिन घालीत. म्हणून त्या साठीनंतरही चढ चढत राहिल्या.

गाडी घेतल्यावर हेच पथ्य पाळावे. तळाचा चिखल धुवावा, तुळईची भोके मोकळी ठेवावी, चटईखालची ओल वाळवावी, पोकळ भागांत तेलाचा फवारा द्यावा. नवी चासी बसविण्याची वेळ आली, तर ती वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली असल्यास उत्तम. जस्त लोखंडाहून अधिक क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी प्रथम ते स्वतः झिजते व लोखंडास वाचविते. गंज पूर्णपणे टाळणे कोणाच्याही हाती नाही. परंतु त्याचा वेग कमी करणे आणि त्याने केलेली हानी मोजून पाहणे, ही दोन्ही कामे ज्याच्याजवळ हातोडी, दाभण व थोडा धीर आहे, अशा कोणासही साधण्यासारखी आहेत.